डिस्कचं मागीलदार

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. तो कुठल्याशा थंड देशात राहत होता. आमच्याकडे दुपारची जेवणं उरकली की त्याची सकाळ व्हायची, आणि त्याच्या सकाळचं पहिलं काम बहुतेक माझ्यावर खेकसणं हेच असावं. निदान मला तेव्हा तसंच वाटायचं. दोन हजार आठ साल होतं. मालवणपासून थोडं बाजूला असलेल्या आमच्या गावात, आईच्या घराच्या पडवीत टेबल टाकून मी संगणकाच्या कर्नलमध्ये डिस्कसाठी सुरक्षेचे हुक बसवत होते. ते घ्यायचे की फेकून द्यायचे हे त्या माणसाच्या हातात होतं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठल्याही प्रोग्रॅमला काहीही करायचं असलं तर त्याच्याकडे मागणी करावी लागते. त्या मागणीच्या वाटेवर एखादी जागा अशी ठेवायची की काम तिथे क्षणभर थांबेल आणि विचारलं जाईल, हा कोण, याला जाऊ द्यायचं का? हाच हुक. फायलींच्या वाटेवर असे हुक आधीपासून होते, ढिगाने होते. पण फायली शेवटी असतात डिस्कवर, आणि ज्याला अख्खी डिस्क सरळ उघडता येते त्याला फायलींची पर्वाच नसते. कोणाची फाइल, कोणाला परवानगी, सगळं बाजूला ठेवून तो खालून हवं ते वाचतो, हवं ते खोडतो. त्या वाटेवर धड विचारणा नव्हती, आणि ती बसवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. कुठून बुद्धी झाली देव जाणे.

आई शेजारीपाजारी सांगायची, "माझा चेडू कम्पुटराक कडी लावता." मला आधी राग यायचा. मग लक्षात आलं की एवढ्या थोड्या शब्दांत मला स्वतःलाही माझं काम सांगता आलं नव्हतं. त्याचा परिणाम मात्र असा झाला की वाडीतला प्रत्येक बिघडलेला टीव्ही, प्रत्येक मुका झालेला मोबाइल माझ्या टेबलावर येऊन पडू लागला. कम्पुटराक कडी लावणारीला टीव्ही येत नाही म्हणजे काय, असा सगळ्यांचा चेहरा व्हायचा.

आदल्या वर्षी बाबा गेले होते. आई एकटी, साखरेची पेशंट, आणि गुडघे तिचं ऐकत नव्हते. माझी नोकरी पुण्याची; तिला तिकडे घेऊन जायचा विषय मी तीनदा काढला. तिन्ही वेळा उत्तर एकच. "मी खंय येवचंय नाय. हंयचो देव काय कुलपात ठेवू?" मग मी ऑफिसातल्या साहेबांच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिले. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, सहा महिने घरून काम कर. आमच्या गिऱ्हाईक कंपनीला हे हुक मूळ कर्नलमध्ये गेलेले हवे होते, वरून लावलेलं खासगी ठिगळ नको होतं. ते गेले तर कायमची घरून कर, मी वर शब्द टाकतो. नाही गेले तर सामान बांधून पुण्याला यायचं. म्हणजे आईजवळ राहायचं की नाही हे त्या थंड देशातल्या, माझं नावही नीट न लिहिणाऱ्या माणसाच्या 'हो'वर येऊन थांबलं.

मूळ कर्नलमध्ये भर घालायची रीत अशी की केलेल्या बदलाचा पॅच ईमेलने एका यादीवर पाठवायचा. ती यादी जगभरची माणसं वाचतात. तुमची चूक निघाली तर चारचौघांत निघते. शिवाय नवीन भर घ्यायची मुदत दर दोन-तीन महिन्यांनी जेमतेम पंधरा दिवस उघडी राहते. ती चुकली की पुढच्या खेपेपर्यंत बसा हात चोळत.

माझा पहिला पॅच तयार झाला त्या दिवशी माडाचं चुडत, म्हणजे अख्खी झावळी, पडून टेलिफोनची तार तुटली. खात्यात फोन करायचा तर फोनच बंद. मी पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या नेट कॅफेत गेले, तिथून वेबमेलमध्ये चिकटवून पॅच पाठवला आणि बऱ्याच दिवसांनी निवांत बांगड्याचं तिखलं जेवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "पॅच मोडलेला आहे. लागत नाही. वाचला नाही." त्या वेबमेलने माझ्या ओळी मध्येच तोडल्या होत्या आणि ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा आपल्या मर्जीने बदलली होती. कर्नलच्या जगात एवढ्यावरून माणूस नवशिका ठरतो. मला दहा वर्षांचा अनुभव होता. तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग काढायचा कोणावर? कॅफेवाल्यावर काढला. तो म्हणाला, "मॅडम, मेल गेलो ना? मगे?"

पॅच नीट पाठवायला आठ दिवस गेले. दर बदलानंतर कर्नल पुन्हा बांधायला, म्हणजे चालवण्याजोगा करायला, माझ्या मशिनला दोन तास लागायचे आणि लोडशेडिंग नेमकं दीड तासानंतर यायचं. मी वेळापत्रक बघून बांधायला घ्यायचे, तर वीजवाले वेळापत्रक बदलायचे. त्या दिवसांत मी आईवर विनाकारण खूप ओरडले. हे लिहिताना लाज वाटते, पण ओरडले.

नीट गेलेल्या पॅचवर त्याचं म्हणणं असं: तुम्ही डिस्क उघडताना विचारता. एकदा उघडली आणि मिळालेला ताबा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातात दिला, तर त्याला कोण विचारणार? बरोबर होतं. मग मी हुक आणखी खाली नेला, डिस्ककडे प्रत्यक्ष लिखाण जातं त्या ठिकाणी. आता प्रत्येक मागणीला विचारायचं. इथे नवीन दुखणं निघालं. प्रोग्रॅम काही लिहितो तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल ते स्वतःकडे ठेवून घेतो, प्रोग्रॅमला 'झालं' म्हणून सांगतो आणि मग सवडीने कर्नलचेच हमाल ते डिस्कवर नेऊन टाकतात. म्हणजे माझ्या हुकापाशी जो यायचा तो हमाल. मूळ मागणारा केव्हाच निघून गेलेला. हमालाला विचारून काय कळणार?

तीन आठवडे मी या एका गोष्टीवर डोकं आपटलं. शेवटी मार्ग काढला तो असा: कर्नलचे स्वतःचे हमाल म्हणजे घरचेच. त्यांना विचारायचं नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं. एका ओळीत बसलं. मी खूश झाले, पॅच पाठवला, आईला म्हटलं, आता झालं.

उत्तर आलं. "जवळजवळ सगळं लिखाण या हमालांच्या हातूनच जातं. म्हणजे तुमचा हुक जवळजवळ कोणालाच विचारत नाही. ते घरचे आहेत हे कोणी ठरवलं?"

रात्री आलेलं ते उत्तर मी सकाळी वाचलं. शिव्या दिल्या, मालवणीत, ज्या आईने स्वयंपाकघरातून ऐकल्या आणि न ऐकल्यासारखं केलं. मग मागीलदारी आवाज झाला आणि वहिनी आत आली.

वहिनी म्हणजे पाठच्या घरातली शेजारीण. सकाळी जेटीवर जाऊन मासे घ्यायची, बाजारात विकायची आणि अकराच्या सुमाराला परत आली की रिकामी पाटी आमच्या मागच्या पायरीवर टेकायची, नळाखाली हातपाय धुवायचे आणि सरळ स्वयंपाकघरात. साद घालायची नाही, विचारायचं नाही. आमच्याकडे तशीच रीत. पुढचं दार पोस्टमनला, लग्नाची पत्रिका घेऊन येणाऱ्याला आणि व्याह्यांना. घरचं माणूस मागीलदारी येतं, आणि मागीलदारी आलेल्या माणसाला कोण म्हणून विचारलं तर तो अपमान. बाबांना मुंबईच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा आम्ही दीड महिना घराबाहेर होतो. पुढच्या दाराला हे एवढं कुलूप, आणि मागचं दार नुसत्या सुंभाच्या तुकड्याने बांधलेलं. का, तर वहिनीने आंघोळ करून यायचं आणि देवाजवळ दिवा लावायचा. पुढच्या कुलपाची किल्ली आई मुंबईला पर्समध्ये जपून ठेवायची! हे हास्यास्पद आहे असं आमच्यापैकी एकालाही कधी वाटलं नव्हतं.

मला त्या दिवशी वाटलं. चूक माझ्या हातून कुठून आली ते मला स्वच्छ दिसलं. दुसऱ्या कोणी, शहरात दाराला तीन लॅच लावून वाढलेल्या माणसाने ती ओळ लिहिली नसती. घरच्याला विचारायचं नाही हे माझ्या इतकं अंगात भिनलेलं होतं की मी ते कर्नलमध्ये लिहून बसले. तो माणूस बरोबर होता आणि त्यामुळे तो आणखीनच डोक्यात गेला.

माझ्या सहा महिन्यांतली ही शेवटचीच मुदत होती आणि ती संपायला थोडे दिवस उरले होते. मी चौथा पॅच लिहिला. यात घरचं-बिरचं काही नाही. मूळ मागणारा कोण ते सापडलं तर विचारा. सापडलं नाही तर सरळ नकार. कडक, एक शब्द जास्त नाही. पाठवला. साहेबांनी गिऱ्हाईकांसमोर बोलायला तीन दिवस पुण्याला बोलावलं होतं, त्याची तयारी केली. आणि त्याच रागाच्या भरात मी सुताराला बोलावून मागीलदाराला आतून लोखंडी कडी मारून घेतली.

आई बघतच राहिली. "ह्यां कित्याक गो? चोर खंयचो येतलो?"

"कोणी पण येईल. तू एकटी असतेस. मी नाही तोवर कडी घालून बसायचं."

"आणि ती इली म्हणजे?"

"हाक मारेल. तू उघड."

 आई माझ्याशी वाद घालायची नाही, बाबा गेल्यापासून. मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं की कडी घालीन. वहिनीला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. ती त्या वेळी जेटीवर होती, आणि मला बस गाठायची होती.

पुण्यातला दुसरा दिवस. मीटिंगमध्ये मी फळ्यावर बाण काढून दाखवत होते की ओळख न पटलेली मागणी कशी अडवली जाते. फोन थरथरला. मी कट केला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा वहिनी बोलत होती, आणि मागे कोणीतरी रिक्षा आणायला ओरडत होतं.

आईने सकाळी साखर उतरवायची गोळी घेतली आणि वर पेज घ्यायची राहिली, त्याने साखर एकदम खाली गेली. दहाच्या सुमाराला चूल आणि मोरी यांच्या मधल्या जागेत ती पडली. मनगट अंगाखाली आलं. तिला उठता येईना, धड बोलता येईना. अकराला वहिनी आली. पायरीवर पाटी ठेवली, दार ढकललं, ते हललं नाही. तिला वाटलं दमट हवेने फुगलं असेल. खांदा लावला. मग हाक मारली. ओ नाही. पुढच्या दाराला तर आतून अडसर असायचाच. तिने खिडकीच्या गजांतून बघितलं तेव्हा तिला आईचे पाय दिसले.

मग ती गोठ्याच्या भिंतीवर चढली. चाळिशी उलटलेली बाई, लुगड्याचा काष्टा मारून. तिथून छपरावर, आणि कौलं काढली. सहा-सात कौलं बाजूला रचली, दोन फुटली, कौलांखालच्या लाकडी रिपेला धरून स्वयंपाकघरात उडी टाकली. आईच्या तोंडात साखर घातली आणि आतून कडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडाळच्या दवाखान्यात पोचले. आईच्या हाताला प्लॅस्टर, चेहरा उतरलेला, पण डोळे नेहमीचे. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आणखी गेला असता तर अवघड होतं. वहिनी बाकावर बसली होती. तिच्या दोन्ही कोपरांना खरचटलेलं होतं. मी तिचे हात धरले आणि रडले. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "कडी लावलंस तां बरा केलंस. तुझा घर, तू लाव. पण माका सांगलंस कित्याक नाय? कौलां काढून उतारलंय मी. चोर उतारतत तशी."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

चौथ्या पॅचचं उत्तर मी चार दिवसांनी घरी येऊन वाचलं. त्याने तो स्वतःच्या मशिनवर लावून बघितला होता. "तुम्ही प्रोग्रॅमला 'जपून ठेवलं' असं सांगू देता आणि नंतर खाली नकार देता. माझ्या चाचणीत फायली गेल्या, आणि त्या गेल्या हे कोणालाच कळवलं गेलं नाही. ज्याचं नुकसान होणार त्याला सांगायची सोय नसलेला नकार मी घेणार नाही." खाली पहिल्यांदाच एक जास्तीची ओळ होती, की मेहनत दिसते, सोडू नका. मी उत्तरात फक्त आभार मानले. भांडायला काही शिल्लक नव्हतं. मुदत त्याच आठवड्यात संपली.

साहेबांनी फोनवर आईची चौकशी केली, घरी ठीक होऊ दे म्हणाले, पंधरा दिवसांची रजा दिली. सोळाव्या दिवशी पुण्याला. मी एकदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "माझा शब्द हुकांवर होता, तुला माहीत आहे." माहीत होतं.

त्या पंधरा दिवसांत मी पहिल्याच दिवशी स्क्रू काढून कडी काढून टाकली, लाकडातली भोकं लांबीने बुजवली. आईला सांगितलं, आता कधीच नाही. वहिनी रोज यायची. आईची वेणी घालायची, जेवण बघायची, माझ्याशीही पूर्वीसारखी बोलायची. मला वाटलं निस्तरलं. माझ्या लक्षात यायला आठवडा लागला की ती मागच्या पायरीवर पाटी टेकते, हातपाय धुते आणि तिथेच उभी राहते. "काकी, इलंय गो," म्हणून हाक मारते. आतून आईची ओ आली की मग उंबरा ओलांडते. दार सताड उघडं असलं तरी.

निघायच्या आदल्या दुपारी मी तिला पायरीवर गाठलं. म्हटलं, "वहिनी, मला जायलाच लागणार. आईकडे तुझ्याशिवाय कोण बघणार? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा ये. रात्रीची झोपायलाच आलीस तर उपकार होतील."

उपकार शब्द तोंडातून गेला आणि मला जीभ चावावीशी वाटली.

ती पाटीतलं पाणी झटकत होती. म्हणाली, "बघतलंय मा. न बघून जातंय खंय? पण आदी काकीक इचारून ये, मी अशी येळीअवेळी आत इलेला चलात मा तिका."

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच परवानगी हवी होती, आणि ती मी मागून आणायला हवी होती. वीस वर्षांत या बाईने आमच्या घरात यायला कोणाला विचारलं नव्हतं. मी आत गेले. आई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती, एका हाताने. मी तिला विचारलं, वहिनी वेळीअवेळी आत आली तर चालेल का.

आईने सूप खाली ठेवलं.

"तिका तू इचारूक लावलंस?" ती म्हणाली.

मी काहीतरी सांगायला लागले, की तसं नाही, ती स्वतःच म्हणाली, माझा हेतू तुझ्या काळजीचा होता. आई ऐकत नव्हती. ती भिंतीला धरून उठली, दुखऱ्या गुडघ्यांनी मागीलदारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहून वहिनीला म्हणाली, "ये गो बाय, आत ये."  वहिनी आत आली. मी स्वयंपाकघरात मध्येच उभी होते, आणि दोघींपैकी कोणीही माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले.